कंबर धरली म्हणून रान सोडू नका



या पत्रिकेत आमच्याकडून आपण वाचता ते बहुधा बेण्याचे, खताचे, नाही तर हुमणीचे. या खेपेस विषय निराळा आहे. तो आम्हाला एका वस्तीवर, नोंदीचे रजिस्टर काखेत असताना मिळाला.

आडसालीच्या नोंदी चालू होत्या. आमच्या गटात एक जुने सभासद आहेत, सगळा गाव त्यांना तात्या म्हणतो. पावणेदोन एकरांची त्यांची लागण कधी चुकली नाही, आणि ऊस असा की शिवारफेरीला पाहुणे आले की आम्ही हटकून त्यांच्याच बांधावर नेतो. गेलो तर तात्या सोप्यात बाजेवर उताणे पडलेले.

"साहेब, औंदा आमचं नाव लिहू नगा. रान खंडानं द्यायचं ठरलंय."

"का हो तात्या? पोरांनी मनाई केली काय?"

"पोरं कशाला, पाठीनंच मनाई केली. मणक्यात गॅप हाय म्हणं. वाकायचं न्हाई, उचलायचं न्हाई. पाच आठवडं झालं, हितंच हाय."

काकूंनी आतून फिल्मची पिशवी आणली आणि माती परीक्षणाचा अहवाल द्यावा तशी आमच्या हातात दिली. "बघा की साहेब, काय लिवलंय त्यात." लिहिलेले इंग्रजीत होते. दोन चकत्या फुगलेल्या, एक झिजलेली, असा मजकूर. तात्यांचे वय अठ्ठावन्न. ऑपरेशनची वेळ आलीच तर गाठीला पैसा असावा म्हणून दुभती म्हैस विकायचेही घाटत होते.

आम्ही शेतकी पदविका घेतलेला माणूस, डॉक्टर नव्हे. औषध सांगायचा आम्हाला अधिकार नाही आणि सांगणारही नाही. पण या दुखण्याच्या शाळेत आम्ही स्वतः बसून आलो आहोत. सात वर्षांमागे बेणेमळ्यात ट्रॉलीत मोळी टाकताना आमच्या कमरेत 'कट्ट' झाले आणि आम्ही तिथेच सरीत बसलो. ज्यांनी पहिल्यांदा तपासले त्यांनी फळीवर झोपून राहायला सांगितले आणि महिन्याने ऑपरेशनची तारीखही दिली. आम्ही तीन आठवडे इमानेइतबारे पडून राहिलो. चौथ्या आठवड्यात उठलो तर दुखणे होते तिथेच, आणि पायातले बळ मात्र गेलेले. परसाकडे जायला सौभाग्यवतींचा खांदा लागायचा. पुढे दुसऱ्या एका डॉक्टरांनी पाय उचलून, टाच दाबून, टाचेवर आणि चवड्यावर चालवून नीट तपासले आणि म्हणाले, "रावसाहेब, तुमच्या कण्याला काही होत नाही, पण तुमची बाज तुम्हाला खाणार. उद्यापासून चाला." आम्हाला तेव्हा राग आला होता. दुखणे आमचे, आणि हे म्हणतात चाला!

तर आधी कणा म्हणजे काय ते पाहू. माणसाला ३३ मणके असतात. मानेत ७, पाठीत १२, कमरेत ५, त्याखाली त्रिकास्थीचे ५ आणि माकडहाडाचे ४. वरचे २४ सुटे हलतात, खालचे मोठेपणी एकमेकांत जुळून जातात. उसाच्या कांड्या एकावर एक असतात तसेच हे दिसते, पण उपमा इथेच संपते, कारण ऊस वाऱ्याने मोडतो आणि कणा वाकण्यासाठीच केलेला आहे. दोन मणक्यांच्या मध्ये चकती. तिची बाहेरची कड चिवट दोऱ्यांच्या वेटोळ्यांची आणि आत पाणीदार गर. मोठ्या माणसाच्या चकतीला रक्ताचा स्वतःचा पाट जवळजवळ नसतो. शेजारच्या हाडातून पाझरून येईल त्यावर ती जगते. दाब पडला की तिच्यातले पाणी बाहेर निघते, दाब सुटला की आत येते. म्हणजे हालचाल हीच तिची पाणीपाळी. रात्रभर पडून राहिल्यावर चकत्या पाणी पिऊन फुगतात, म्हणून सकाळी माणूस रात्रीपेक्षा एखाद-दीड सेंटिमीटर उंच भरतो. फुगलेली चकती वाकताना जास्त ताणली जाते, म्हणून उठल्याबरोबर ओणवे होऊन शेणाच्या पाट्या भरणे किंवा वैरणीचा भारा उचलणे पाठीला बाधते. आधी हातपाय धुवा, चहा घ्या, जरा फिरा, मग गोठ्यात शिरा. आपल्याकडे गोठा बायकांच्या वाट्याला, तेव्हा हे वाक्य घरात मोठ्याने वाचावे.

आता तो 'गॅप' शब्द. हा शब्द गावात आल्यापासून त्याने जितकी माणसे बाजेवर पाडली तितकी उसणीनेही पाडली नसतील. खरे तर वयाने चकतीतले पाणी कमी होते आणि दोन मणक्यांतली जागा घटते. गॅप वाढत नाही, उलट कमी होते! डोक्याचे केस पिकावेत तसे हे आहे. १९९४ साली अमेरिकेत पाठ मुळीच न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढून पाहिले. त्यातल्या अवघ्या ३६ टक्के लोकांच्या सगळ्या चकत्या ठाकठीक निघाल्या. निम्म्याहून अधिक जणांची कुठली ना कुठली चकती फुगलेली होती, आणि ही माणसे तर ठणठणीत हिंडत-फिरत होती. तेव्हा अठ्ठावन्नाव्या वर्षी फिल्मवर दोन चकत्या फुगलेल्या दिसल्या म्हणजे दुखण्याचे मूळ तेच, असे धरून चालता येत नाही. मूळ स्नायूत असेल, सांध्यात असेल, पुष्कळदा ते बोट ठेवून दाखवताच येत नाही. शंभर पाठदुख्यांत नव्वदांच्या आसपास अशाच असतात. त्या दुखतात फार, पण घातक नसतात, आणि बहुतेकांचे पहिले जोराचे दुखणे सहा आठवड्यांच्या आत पुष्कळ ओसरते. पुन्हा उलटते मात्र, हेही खरे. आमचे दोनदा उलटले.

पडून राहण्याविषयी. १९८६ मध्ये अमेरिकेतील डॉ. रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी कंबर धरलेल्या माणसांचे दोन गट केले. एकाला दोन दिवस विश्रांती सांगितली, दुसऱ्याला सात दिवस. बरे होण्यात फरक पडला नाही, दोन दिवसवाले कामावर मात्र लवकर गेले. पुढे १९९५ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी शहरातल्या नोकरदारांवर असाच प्रयोग झाला. त्यात सोसेल तितके रोजचे काम करत राहिलेले लोक पडून राहणाऱ्यांपेक्षा लवकर बरे झाले. 'सोसेल तितके' हे शब्द सोडू नका. कळ मारत असताना युरियाचे पोते उचला असे कोणी म्हटलेले नाही. एक-दोन दिवस कुशीवर, गुडघ्यात उशी घेऊन पडा, गरम पाण्याच्या पिशवीने शेका, पण दर तासा-दोन तासांनी उठून अंगणात चार फेऱ्या मारा.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी पहिल्यांदाच मार्गदर्शिका काढली. त्यात व्यायाम आणि दुखण्याची नीट माहिती यांना पुढे ठेवले आहे. कमरेचा पट्टा आणि वजने लावून कंबर ताणणे ही नेहमीच्या उपचारात वापरू नयेत असे सांगितले आहे. आमच्या घरी असा एक पट्टा अजून खुंटीला आहे. त्याचे काय करावे ते कळत नाही.

चालण्याचा आणखी एक पुरावा. २०२४ साली ऑस्ट्रेलियात ७०१ माणसांची पाहणी प्रसिद्ध झाली. कंबरदुखीतून नुकतेच उठलेले हे लोक. निम्म्यांना हळूहळू वाढवत आठवड्यातून तीन-पाच वेळा अर्धा तास चालायला शिकवले. त्यांचे दुखणे सरासरीने २०८ दिवसांनी उलटले, न चालवलेल्यांचे ११२ दिवसांनी. औषध कसले, तर कालव्याची पट्टी! यावर सभासद म्हणतील, "साहेब, आम्ही दिवसभर रानातच असतो की." रानातले चालणे हे ओणवे, थांबत, खांद्यावर काही घेऊन असते. हात मोकळे सोडून सरळ चालणे निराळे.

आता आमच्या खात्याचे बोलतो. १९९९ मध्ये जर्मनीतील उल्म येथे विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत बारीक दाबमापक बसवून मोजमाप केले. पालथे पडलेले असताना दाब एक माप धरला, तर सरळ उभे राहिल्यावर तो पाच. वीस किलोचे ओझे अंगाला चिकटवून उभे राहिले तर अकरा. तेच ओझे गुडघे वाकवून उचलले तर सतरा, आणि पाठ गोल करून ओणवे उचलले तर तेवीस. आपले युरियाचे पोते ४५ किलोचे आहे आणि डीएपीचे ५०. सोळा लिटरचा भरलेला पाठपंप वीस किलोच्या वर जातो. जागतिक कामगार संघटनेच्या १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने उचलायच्या ओझ्याची कमाल हद्द ५५ किलो म्हटली आहे, म्हणजे आपण रोज हद्दीच्या बांधावर काम करतो. 'उचलायचे कसे' याचे नुसते धडे देऊन पाठदुखी फारशी टळत नाही, असेही पाहण्यांत दिसले आहे. आम्हाला ते पटते, कारण घाईच्या वेळी धडा कोणाला आठवतो? कामच कमी ओणवे केले पाहिजे.

हिशोब करा. दोन डोळ्यांच्या टिपरीने एकर लावायला सुमारे दहा हजार टिपरी लागते. म्हणजे अडीच-तीन टन बेणे तोडायचे, वाहायचे, तोडून मांडायचे, आणि मांडणाऱ्याने सरीत दहा हजार वेळा वाकायचे. तेच एक डोळ्याची रोपे पाच बाय दोन फुटांवर लावली तर एकरी ४३५६ रोपे. वजन किरकोळ, वाकणे निम्म्याहून कमी, बेण्याचाही पैसा वाचतो. रोपांची शिफारस आम्ही आजवर उगवण आणि टनेजसाठी करत आलो. पाठीसाठी करायची राहून गेली, ती आज करतो. पाच फुटी सरीत लहान ट्रॅक्टर किंवा पॉवर टिलर चालतो, मग बांधणीला खोऱ्याने माती ओढणे बरेच वाचते. खोडव्यात पाचट पेटवू नका, सरीत पसरा. तण दबते आणि खुरपणीचे ओणवेपण कमी होते. खोडव्याला पहारीने भोक पाडून खत द्या. ते काम उभ्याने होते, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारसही तीच आहे. खत टाकणारा दुसरा असेल तर त्याच्या हातात डबा द्या, पाटी कमरेवर नको. जिथे खुरपे चालवता तिथे सायकल कोळपे चालते का ते बघा. खताचे पोते ट्रॉलीतून दोघांनी उतरवा आणि बांधावर फोडून बादलीने न्या. यात कमीपणा कसला? जवानीत एकट्याने पोते फेकणारे आमच्या पाहण्यात पुष्कळ आहेत. त्यांतले निम्मे आज कोपऱ्यात बसून ते सांगत असतात.

एक गोष्ट लिहू की नको असा विचार करून लिहितो आहोत. आपल्या उसाचे सगळ्यात जड ओझे आपण उचलत नाही. बीडकडून आलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवसाला दोन टनांच्या आसपास ऊस तोडते. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची, आणि ती बहुतेक वेळा बाईच्या डोक्यावर असते. कंबर आणि ओटीपोट दुखते म्हणून दवाखान्यात गेलेल्या कितीतरी बायांची पिशवी काढली गेली. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे बीड जिल्ह्याची पाहणी आली, तेव्हा सुमारे ८२ हजार ऊसतोड बायांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. ओझ्याने दुखणारी कंबर पिशवी काढून राहत नाही. बरोबर अंडाशयही काढले तर हाडे लवकर पोकळ होतात आणि पाठीचे दुखणे उलट वाढते. आपल्या फडातल्या बाईने कंबर धरली तर उचल अंगावर आहे म्हणून तिला मोळीखाली उभी करू नका. तोडायला ठेवा, वाहायला दुसरा द्या, मोळी लहान बांधा. टोळीचा मुकादम कुरकुर करेल. फडमालकाने सांगितले की ऐकतो, हा आमचा अनुभव आहे. आपल्या घरातल्या माउल्यांनाही हेच सांगणे, की नुसत्या कंबरदुखीवर असे ऑपरेशन कोणी सुचवले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

गोळ्यांचे थोडक्यात. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या चार-सहा दिवस डॉक्टरांच्या सांगण्याने घेणे निराळे आणि पानपट्टीवरून आणून महिनोन्महिने खाणे निराळे. उपाशीपोटी खाऊन उन्हात, पाणी न पिता राबले तर पोटात जखम होते आणि मूत्रपिंडाला मार बसतो. कशाची ते न सांगता दिलेल्या पुड्यांत पुष्कळदा स्टेरॉइड असते. चार दिवस तरतरी येते, वर्षभरात हाडे भुसभुशीत होतात. उसण भरल्यावर पायाळू माणसाचा पाय लावून घेण्याची आपल्याकडे रीत आहे. हलका पाय लावण्याने काही बिघडत नाही, आमच्या मातोश्रींनी आम्हालाही लावला होता. पण पाठीवर उभे राहणे, मान कडाकडा मोडणे, हिसका देऊन नस बसवणे हे करू नका. आत काय आहे हे बसवणाऱ्याला दिसत नसते.

आणि आत कधी कधी खरेच असते. आमच्याच एका चिटबॉयच्या आईची पाठ तीन महिने दुखत होती. रात्री जास्त, संध्याकाळी कणकण, वजन उतरत चाललेले. घरचे म्हणत, वय झाले. निघाला मणक्याचा क्षय. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळाले, वर्षभर नेमाने घेतले, आज त्या शेळ्या राखतात. आणखी दोन महिने घालवले असते तर पाय गेले असते. म्हणून ताप, वजन घटणे, रात्री झोपमोड करणारे दुखणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे, झाडावरून किंवा ट्रॉलीवरून पडल्यानंतरचे दुखणे, यांत चालण्याचे प्रयोग न करता डॉक्टर गाठावा. तरुण पोराची पाठ सकाळी अर्धा-पाऊण तास आखडते आणि हिंडल्यावर मोकळी होते, असे महिनोन्महिने चालले तर तो सांध्यांचा वेगळा आजार असू शकतो. आणि सगळ्यात घाईचे म्हणजे लघवी अडणे किंवा कळत नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मधला भाग बधिर होणे, पाऊल लुळे पडणे. यात सकाळची वाट पाहायची नाही. रात्री बारा वाजता गाडी काढायची आणि जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात जायचे. तिथे तासांचा प्रश्न असतो आणि ऑपरेशन लागते.

ऑपरेशन वाईट असे आमचे म्हणणे नाही. चकतीचा गर निसटून शीर दाबली की ढुंगणापासून पोटरीपर्यंत कळ जाते, ती सायटिका. तिच्यावर २००७ साली हॉलंडमध्ये प्रयोग झाला. लवकर ऑपरेशन केलेल्यांचा पाय लवकर राहिला. थांबलेल्यांपैकी काहींना पुढे ऑपरेशन करावेच लागले, पण वर्षअखेरीस दोन्ही गट सारखेच बरे होते. निसटलेला गर पुष्कळदा आपोआप आकसतो. तेव्हा सोसवत नसेल, आठवडे गेले तरी हटत नसेल, तर जरूर विचार करावा. पाय शाबूत असेल तर थांबायलाही जागा आहे. म्हैस विकण्याआधी इतके माहीत असावे.

तात्यांना आम्ही त्याच आठवड्यात जीपमधून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी फिल्म बाजूला ठेवून आधी तात्यांना उभे केले. टाचेवर चालले, चवड्यावर चालले, गुडघ्याचे ठोके बरोबर, लघवीची तक्रार नाही. "खंडाने द्यायचे काही कारण दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. पहिल्या दिवशी तात्या दारातल्या लिंबापर्यंत गेले आणि आम्हाला शिव्या घालत परत आले. पंधरा दिवसांनी कालव्यापर्यंत. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पालथे पडून छाती उचलणे आणि उताणे पडून कंबर उचलणे असे दोन-तीन प्रकार दाखवले. ते काकूही करतात आणि तात्यांपेक्षा नियमाने करतात. विडी मात्र सुटली नाही. विडीने चकती लवकर वाळते हे दोनदा सांगून झाले.

लागण थोडी उशिरा झाली, पाच फुटांवर, रोपांची. लावली पोरांनी, तात्या बांधावर उभे राहून सूचना देत होते. दिवसाचे पाणी आता तेच धरतात, रात्रीच्या लाईटला थोरला जातो. दुखते का विचारले तर म्हणतात, "दुखतंय की. पण आता भ्या वाटत न्हाई." म्हैस गोठ्यात आहे. नोंदीच्या रजिस्टरात त्यांच्या नावापुढे आम्ही क्षेत्र लिहिले, तेव्हा त्यांनी वाकून सही केली आणि वाकता वाकता आमच्याकडे बघून हसले.

पुढील लागणीसाठी ज्यांना रोपे हवी असतील त्यांनी गट ऑफिसात मागणी नोंदवावी. वयस्क सभासदांनी आणि कमरेचा त्रास असणाऱ्यांनी तसे चिटबॉयला जरूर सांगावे, म्हणजे रोपांची गाडी वस्तीवरच उतरवता येईल.